अक्कलदाढ: कधी काढायची, कधी ठेवायची आणि आष्टीहून त्यासाठी कुठवर जायचं

वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा एका बाजूचा गाल सुजतो. घास गिळताना घशात टोचतं, कान ठणकतो, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. घरात कुणी म्हणतं कान फुटला असेल, कुणी म्हणतं गालफुगी आहे. मेडिकलवरून गोळ्या येतात, चार-पाच दिवसांत सूज उतरते आणि विषय संपतो. दोन-तीन महिन्यांनी तेच पुन्हा. या वयात असं एकाच बाजूला वारंवार होत असेल, तर पहिला संशय खालच्या जबड्यातल्या अक्कलदाढेवर घ्यायचा.

या दाढेची एक अडचण आहे आणि गावाकडे ती जास्त जाणवते. दाढ ठणकत असते, तोंड उघडत नसतं, तेव्हा डॉक्टर सहसा ती काढत नाहीत; आधी सूज उतरू द्या म्हणतात. सूज उतरली की दुखत नाही, आणि दुखत नाही म्हटल्यावर कुणी दवाखान्यात जात नाही. मग जबड्याची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जिथून दोन टप्प्यांवर आहे अशा गावात हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. आष्टी हे त्यातलंच एक. ही आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. बीड आणि वर्धा जिल्ह्यांतली तालुक्याची आष्टी वेगळी.

दाढ अडकते म्हणजे काय

प्रत्येक जबड्यात दोन्ही बाजूंना सगळ्यात मागे जी तिसरी दाढ येते ती अक्कलदाढ. चार असू शकतात, पण प्रत्येकाला चारही येतातच असं नाही. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर साधारण पाचांपैकी एकाला किमान एक अक्कलदाढ मुळातच नसते, आणि चौघांपैकी एकाची किमान एक दाढ हाडात किंवा हिरडीत अडकलेली असते. उगवण्याचं वय साधारण १७ ते २५. या वयात माणसाला अक्कल येते असं अनेक समाजांनी धरलं असावं, कारण लॅटिनमध्येही तिचं नाव ‘शहाणपणाचा दात’ असंच आहे. आपला ‘अक्कल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. दाढ काढल्याने अक्कल जात नाही, हे सांगायला नको.

ही दाढ शेवटी येते, तोवर जागा संपलेली असते. खालच्या जबड्यात पुढे दुसरी दाढ आणि मागे वर चढत गेलेलं जबड्याचं हाड, या दोघांमधल्या चिंचोळ्या जागेत तिला उगवायचं असतं. मग ती तिरकी होते. बहुतेकदा पुढे झुकून शेजारच्या दाढेला टेकते, काही वेळा पूर्ण आडवी पडते, क्वचित मागे कलते. या झुकण्यावरून विंटर यांनी १९२६ मध्ये आणि ती किती खोल आहे यावरून पेल आणि ग्रेगरी यांनी १९३३ मध्ये जी वर्गवारी केली, तीच आजही दंतवैद्य वापरतात. तुमच्या कागदावर ‘मेसिओअँग्युलर’ लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच: दाढ पुढे झुकली आहे.

पूर्ण हाडात गाडलेली दाढ अनेकदा आयुष्यभर गप्प बसते. त्रास देते ती अर्धवट बाहेर आलेली. तिच्या अर्ध्या भागावर हिरडीचा एक पडदा राहतो. त्याखाली भाकरीचे कण, शेंगदाण्याचा कूट, भाजीची शीर जाऊन बसते आणि ब्रश तिथवर पोचत नाही. जंतू वाढतात, पडदा सुजतो, आणि सुजलेल्या पडद्यावर वरची दाढ चावते. त्यातून ठणका, पू, तोंडाला वास आणि ताप. चावण्याचे स्नायू तिथून जवळ असल्यामुळे तेही आखडतात, म्हणून तोंड उघडत नाही.

यावर पहिला उपचार गोळी नाही. दंतवैद्य पिचकारीने त्या पडद्याखालची घाण धुऊन काढतो, आणि अनेकांना तेवढ्यानेच दुसऱ्या दिवशी फरक पडतो. घरी कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा सावकाश चूळ भरावी. अँटिबायोटिक लागतं ते ताप असेल, सूज पसरत असेल किंवा तोंड मिटत चाललं असेल तर. मेडिकलवर मागून घेतलेल्या अँटिबायोटिकने सूज उतरते हे खरं, पण दाढ आणि पडदा जागेवरच असतात. दातदुखीसाठी बऱ्याचदा मेट्रोनिडाझोल दिलं जातं. ते चालू असताना दारू घेऊ नये. उन्हात राबणाऱ्या माणसाने पाणी न पिता, उपाशीपोटी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेत राहणं पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना महागात पडू शकतं.

आणखी काही घरगुती सवयी मोडायला हव्यात. दुखऱ्या दाढेजवळ तंबाखूची चिमूट किंवा मिश्री दाबून ठेवायची नाही. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवली तर तिथली कातडी पांढरी पडून भाजते. गालावर गरम विटेचा शेक देऊ नये. आत पू असेल तर सूज वाढू शकते. ‘दाढेतला किडा’ काढून दाखवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? दाढ किडते ती जंतूंनी आणि आम्लाने. वळवळणारा किडा त्यात कधीच नसतो. जो दाखवला जातो तो बाहेरून आणलेला असतो.

तोंड उघडत नाही: दाढ की गुटखा?

हा प्रश्न आपल्याकडे वेगळा विचारावाच लागतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. सुपारी आणि गुटख्याने तोंडाच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी होत जातं. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली आणि पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो, म्हणून तो ओळखणं महत्त्वाचं.

फरक ओळखणं फार अवघड नाही. अक्कलदाढेमुळे तोंड मिटतं ते दोन-चार दिवसांत, दुखत दुखत आणि एका बाजूने. सूज उतरली की पुन्हा उघडतं. गुटख्याने मिटतं ते महिनोन्‌महिने, न दुखता. आधी ठेचा, तिखट रस्सा झोंबायला लागतो, गाल आतून पांढरट आणि कडक होतात, मग एक दिवस लक्षात येतं की पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे घरी पाहता येतं. जात नसतील आणि दुखतही नसेल, तर दाढेला दोष न देता तोंड तपासून घ्या. दोन्ही एकत्रही असू शकतं. अशा तोंडात मागची दाढ काढणं डॉक्टरसाठी फार जिकिरीचं होतं, आणि गुटखा खाणाऱ्याला ते आधी कुणी सांगत नाही.

काढायचीच का?

सरसकट नाही. ‘आहे म्हणून काढून टाकू’ ही पद्धत एकेकाळी पाश्चात्त्य देशांत जोरात होती. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सांगितलं की काहीच त्रास नसलेली, निरोगी अडकलेली दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. त्या निर्णयावर पुढे टीकाही झाली, कारण थांबलेल्या काही लोकांच्या शेजारच्या चांगल्या दाढा दरम्यान किडल्या आणि दाढ काढायची वेळ जास्त वयात आली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणून निर्णय एक्स-रे पाहून माणसागणिक करावा लागतो.

माझ्या मते काढण्याची बाजू भक्कम कधी होते, तर पडद्याचा संसर्ग दुसऱ्यांदा झाला की. पहिल्या वेळेला धुऊन, सांभाळून पाहता येतं. दुसऱ्यांदा झालं की तिसऱ्यांदा होणार हे जवळजवळ धरून चालावं. याशिवाय अक्कलदाढ इतकी किडली की भरता येत नाही, तिच्यामुळे शेजारची दाढ मागून किडते आहे, तिच्याभोवती पाण्याची गाठ झाली आहे, किंवा ती शेजारच्या दाढेचं मूळ खाते आहे, तर थांबण्यात अर्थ नसतो. शेजारची दाढ हा मुद्दा लोक विसरतात. अक्कलदाढ गेली तर चावण्यात फारसा फरक पडत नाही, पण तिच्या पुढची दाढ गेली तर पडतो.

‘अक्कलदाढेमुळे पुढचे दात वेडेवाकडे होतात’ हे कारण मात्र पटणारं नाही. अभ्यासांत त्याला ठोस आधार मिळालेला नाही. आणि ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीती तर पूर्ण निराधार आहे. वरच्या दातांच्या नसा वेगळ्या, डोळ्याला दिसण्याची नस वेगळी. ज्या वयात लोक दाढा काढतात त्याच वयात चाळिशीचा चष्मा लागतो, म्हणून हा समज टिकला असावा.

वयाचं गणित असं, की पंचविशीच्या आत हाड मऊ असतं आणि मुळं पूर्ण वाढलेली नसतात. काढणं सोपं, भरून येणंही लवकर. वय वाढेल तसं हाड टणक होतं. पण त्यासाठी घाईने, काहीच त्रास नसताना चारही काढून घ्यायची गरज नाही.

दिवस कोणता धरायचा

आष्टीतल्या माणसाने हा निर्णय दुखण्याच्या मधल्या काळात घ्यायला हवा. परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या पट्ट्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. दिवाळीच्या आसपास गेलेला माणूस उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. फडावर, कोपीत राहताना गाल सुजला तर ना सुट्टी मिळते ना ओळखीचा दवाखाना. ज्याला वर्षभरात दोनदा त्रास झाला आहे त्याने जाण्याआधी दाढ दाखवून घ्यावी. शेतकऱ्याला पेरणी उरकल्यानंतरचे आणि सोयाबीन काढणीच्या आधीचे दिवस बरे, शिकणाऱ्या मुलांना परीक्षेनंतरचे. किमान चार-पाच दिवस जड काम करायचं नाही, एवढं धरून चला.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अक्कलदाढ येण्याचं वय आणि लग्न, पहिलं बाळंतपण यांचं वय एकच. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, त्यामुळे अर्धवट उगवलेली दाढ नेमकी तेव्हाच उठते. त्या वेळी पडदा धुणं, तातडीचा उपचार करता येतो आणि भूलही देता येते. साधारण चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा मानतात. पण नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, चालत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीची दाढ वारंवार दुखत असेल तर बस्त्याच्या धावपळीत तेही एक काम उरकून घ्यावं.

वाट अशी आहे. आधी परतूरला. दात तपासून, साधा एक्स-रे काढून पुढे जायचं की नाही हे तिथला दंतवैद्य सांगू शकतो. सरळ उभी दाढ असेल तर तोच काढेल. आडवी, खोल दाढ असेल तर जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेला डॉक्टर हवा, म्हणजे जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. परतूरहून रेल्वेने दोन्ही एकाच मार्गावर आहेत. संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या परिसरात १९८२ मध्ये सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मराठवाड्यातल्या ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांची ती मोठी सोय आहे. तिथे एका फेरीत काम होईलच असं धरू नका. पहिल्या दिवशी तपासणी आणि एक्स-रे, मग तारीख. सकाळी लवकर पोचावं, जुने एक्स-रे आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात. फलकावर ‘डॉक्टर’ लिहिलेला प्रत्येक जण दंतवैद्य नसतो. कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय दात काढण्याचा व्यवसाय करता येत नाही, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही.

एका परिस्थितीत मात्र दिवस धरायचा नसतो. सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, जिभेखालचा भाग कडक होऊन जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, आडवं पडलं की श्वास लागतो, यातलं काहीही दिसलं तर परतूरच्या दंतवैद्याची वेळ घेत बसू नये. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये वर्णन केलेला हा संसर्ग आहे. तो श्वासाची वाट बंद करतो, आणि त्याची सुरुवात बहुतेकदा खालच्या दाढेतूनच होते. १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात. मधुमेही माणसात हे फार झपाट्याने होतं.

खुर्चीवर काय होतं

सगळ्यात जास्त भीती याचीच असते. आधी ओपीजी नावाचा एक्स-रे काढतात. त्यात दोन्ही जबडे एका पट्टीवर दिसतात. डॉक्टर त्यात मुख्यतः एक गोष्ट शोधतात: खालच्या जबड्यातून जाणारी नस दाढेच्या मुळांपासून किती लांब आहे. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. मूळ तिला चिकटलेलं दिसलं तर सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे काढायला सांगतात, आणि कधी कधी दाढेचा फक्त वरचा भाग कापून मुळं मुद्दाम आतच ठेवतात. असं कुणी सुचवलं तर ते अर्धवट काम नाही, विचारपूर्वक केलेलं काम आहे.

भूल बहुतेकदा जागेपुरतीच असते. जबड्याच्या नसेजवळ इंजेक्शन देऊन अर्धा जबडा बधिर करायची युक्ती अमेरिकन शल्यविशारद हॉलस्टेड यांनी १८८० च्या दशकात कोकेन वापरून केली होती. आज वापरतात ते लिग्नोकेन. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालेलं. जागेपुरती भूल असेल तर उपाशी जायचं नाही. उलट थोडं खाऊन जा, नाहीतर घेरी येते. पूर्ण बेशुद्ध करणार असतील तरच उपाशी राहायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरला सांगा आणि तो म्हणेल तसं करा. घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नसेल तर तेही सांगा.

ओठ आणि अर्धी जीभ जड झाली की हिरडीला छेद देऊन ती बाजूला करतात, दाढेभोवतीचं थोडं हाड बारीक ड्रिलने पाणी सोडत कोरतात. आडवी दाढ अखंड बाहेर येत नाही, म्हणून तिचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढतात. दाब जाणवतो, करकर आवाज थेट कानात येतो. दुखत मात्र नाही. दुखलं तर हात वर करायचा, आणखी भूल देता येते. मग खड्डा धुऊन टाके. सोपी असेल तर वीस मिनिटं, अवघड असेल तर तासभर.

सही करण्याआधी नसेचं विचारून घ्या. खालची दाढ काढल्यावर शंभरात काही जणांना ओठ किंवा जीभ काही आठवडे ते महिने बधिर राहते. कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. कमी असलं तरी आहे, आणि ते आधी सांगणं डॉक्टरचं काम आहे.

घरी आल्यावर

परत यायला दोन-तीन तासांचा प्रवास असतो, म्हणून दाढ सकाळी काढलेली बरी आणि बरोबर कुणीतरी असावं. दवाखान्यातून लगेच गाडी पकडू नका. कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून ठेवायचा, रक्त थांबलंय हे दाखवायचं आणि मगच निघायचं. सर्वांत कठीण नियम म्हणजे थुंकायचं नाही. खड्ड्यात रक्ताची जी गाठ बनते तीच जखमेचं झाकण असते. थुंकल्याने, स्ट्रॉने ओढल्याने ती निघून येते. लाळेत थोडं रक्त दिवसभर दिसणारच, ते गिळायचं. एसटीच्या खिडकीतून पचकन थुंकण्याची सवय असलेल्यांनी याचा आधी सराव करावा. रक्त तोंडभर येत राहिलं तर स्वच्छ कापूस किंवा गॉज घडी करून पुन्हा अर्धा तास दाबून धरा. तरीही थांबलं नाही तर त्याच रात्री दवाखाना.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. भूल उतरेपर्यंत गरम चहा नको, ओठ भाजला तरी कळत नाही. चोवीस तासांनंतर कोमट मिठाचं पाणी, तेही खळखळून नाही, नुसतं तोंडात फिरवून सोडून द्यायचं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि नेमकी तेव्हाच घरातली माणसं घाबरतात. मऊ खिचडी, दहीभात, गार लापशी, मुगाचं वरण चालतं. भाकरी दुधात कुस्करून तीन-चार दिवसांनी. फरसाण, पापड, हुरडा आठवडाभर लांब. तंबाखू, विडी, गुटखा किमान आठवडाभर पूर्ण बंद.

तो बंद न केल्याचं फळ सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मिळतं. दुखणं कमी होत आलेलं असताना अचानक कानापर्यंत असह्य ठणका सुरू होतो, तोंडाला घाण वास येतो, खड्ड्यात हाड उघडं दिसतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. विडी-तंबाखू न घेणाऱ्यांनाही तो होतो, पण घेणाऱ्यांना जास्त. इथे अँटिबायोटिक वाढवून उपयोग नसतो. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या तेलातल्या घटकाची औषधी पट्टी भरतात आणि ठणका काही तासांत बराच कमी होतो. आजीची लवंग इथे खरोखर कामाला येते, फक्त ती घरी खड्ड्यात कोंबायची नसते.

टाके साधारण सातव्या दिवशी निघतात. विरघळणारे टाके घातले आहेत का हे निघतानाच विचारा. नसतील, तर ते काढायला संभाजीनगरची फेरी नको म्हणून परतूरला काढले तर चालतील का हेही विचारा आणि कागदावर तसं लिहून घ्या. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटते. आतला खड्डा हाडाने भरायला काही महिने लागतात, तोवर त्यात भाताचं शीत अडकत राहतं आणि जेवल्यावर चूळ भरावी लागते.